गुच्छातल्या गुलाबाला मुळे फुटावीत म्हणून आणलेली आयबीए पूड : सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सप्टेंबरअखेर वडिलांच्या पंचाहत्तरीला धाकट्या भावाने डच गुलाबांची वीस फुलांची जुडी आणली होती. चार दिवसांनी पाकळ्या गळू लागल्या, तरी ती फुले टाकून देणे वडिलांच्या जिवावर आले आणि यांतल्या एखाद्या काडीचे रोप होईल का, असे त्यांनी मला विचारले. त्यासाठी मी नाशिकमधल्या एका कृषी सेवा केंद्रातून काड्यांना मुळे फुटण्यासाठी वापरतात ती पूड आणली. तेव्हापासून ती दोनदा वेगवेगळ्या काड्यांवर वापरून पाहिली असून त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

आयबीए म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्ल. हे ऑक्झिन गटातले संजीवक, म्हणजे झाडाची वाढ घडवणारे द्रव्य, शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून विकले जाते. माझ्या डबीवर त्याचे प्रमाण 0.3 टक्के, म्हणजे 3000 पीपीएम (दहा लाख भागांत 3000 भाग), असे छापलेले आहे आणि गुलाबाच्या अर्धवट पक्व काडीसाठी ते योग्य आहे. द्राक्ष बागायतदारांना हे संजीवक नवीन नाही. दिंडोरीच्या मामांना डबी दाखवली तेव्हा ते लगेच म्हणाले, “अगं, डॉगरिजच्या काड्या लावताना आम्ही हेच वापरतो, फक्त आमचं द्रावण असतं.” डॉगरिज हा द्राक्षाचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर दुसऱ्या जातीचे कलम करतात ते झाड, आहे आणि त्याची रोपे काडीपासूनच करतात, त्यामुळे काडी कशी निवडावी हे डबीवरच्या मजकुरापेक्षा मला मामांकडूनच अधिक नीट समजले.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी फुलाच्या लगेच खालचा कोवळा भाग सोडून दिला आणि दांड्याच्या मधल्या व खालच्या भागातून पेन्सिलीएवढ्या जाडीचे, तीन-चार डोळे (जिथून नवी फूट येते ते कोंब) असलेले सहा-सात इंचांचे तुकडे घेतले. काटा बोटाने बाजूला दाबल्यावर कडकन सुटून आला, तर ती काडी छाट कलमासाठी, म्हणजे कापून थेट रुजवण्यासाठी, योग्य झाली असे समजावे. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरपा घेतला, बुडाशी सालीवर दोन बाजूंनी सेंटिमीटरभर हलकी चीर दिली आणि वरचे एक पान ठेवून बाकीची काढून टाकली. काडी थेट डबीत बुडवू नये, कारण तिच्या ओलाव्याने उरलेली पूड खराब होते. म्हणून चमचाभर पूड कागदावर काढून त्यात बूड टेकवले आणि जास्तीची पूड झटकून टाकली. मग कोकोपीट व धुतलेली वाळू सारख्या प्रमाणात भरलेल्या कुंडीत आधी काडीने भोक पाडून त्यात कलम ठेवले, कारण तसेच खुपसले की पूड वरच्या मातीलाच पुसली जाते. वरून तळ कापलेली पाण्याची बाटली पालथी घातली.

वीसपैकी दोन काड्या आधीच काळ्या पडल्या होत्या. उरलेल्या अठरांपैकी नऊ पूड लावून आणि नऊ पुडीविना लावल्या. दहा-बारा दिवसांत जवळजवळ सगळ्यांचे डोळे फुगून लालसर पालवी आली, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. पण ही पालवी काडीत साठलेल्या अन्नावर येते, मुळे फुटली असा त्याचा अर्थ नसतो, हे पुढच्या पंधरवड्यात पालवी सुकू लागल्यावर समजले. तिसऱ्या आठवड्यात धीर न धरवून मी एक काडी उपसून पाहिली. कापाच्या कडेला ज्वारीच्या लाहीसारखी पांढुरकी, दाणेदार गाठ धरली होती आणि तिच्यातून सुताएवढे एकच मूळ निघाले होते, तेही माझ्या हाताने तुटले. ती काडी पुन्हा रुजली नाही, याची हळहळ मला अजून वाटते. सात आठवड्यांनी हिशेब केला तेव्हा पूड लावलेल्या नऊपैकी तीन रोपे जगली होती आणि पुडीविना लावलेल्यांतले एक.

एवढ्यावरून पूड फार कामाची नाही असे मी म्हटले असते. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडी ओसरू लागल्यावर, जानोरीतल्या एका ओळखीच्या पॉलीहाऊसमधून त्याच सकाळी कापलेल्या दहा काड्या मिळाल्या आणि त्यांवर हीच पूड, हीच कुंडी, हीच पद्धत वापरली, तेव्हा दहापैकी सात रुजल्या. गुच्छातले फूल आपल्या हाती येण्याआधी शीतगृहात आणि दुकानात काही दिवस काढून आलेले असते. त्या काळात काडीतले पाणी आणि साठलेले अन्न खर्च होते, आणि ते परत आणणे कोणत्याही संजीवकाच्या हातात नाही. म्हणून गुच्छातून रोप करायचेच असेल, तर फुले पूर्ण कोमेजण्याची वाट न पाहता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच काड्या कापाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. बटाट्यात काडी खोचण्याचा जो उपाय सगळीकडे सांगितला जातो, तो मी दोन काड्यांवर केला. बटाटा कुजला आणि त्याबरोबर काडीही.

उत्पादनाबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. कोणत्या झाडाला आणि कोवळ्या की पक्व काडीला ही पूड वापरावी, याविषयी डबीवर एक ओळही नाही. त्यामुळे जास्त लावले म्हणजे जास्त मुळे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात जास्त मात्रेने बूड काळे पडते आणि डोळे फुटायचे थांबतात. शिवाय 50 ग्रॅमची डबी घरगुती वापराला फारच मोठी आहे, कारण एका काडीला चिमूटभरही लागत नाही आणि उघडलेल्या डबीचा गुण उजेडाने व दमटपणाने कमी होत जातो. तिसरी तक्रार पुडीची नसून दुकानाची आहे. पहिल्यांदा मिळालेल्या डबीवर वापराच्या मुदतीच्या तारखेवरच किमतीची चिकटपट्टी लावलेली होती. ती घरी येऊन सोलली तेव्हा मुदत पाच महिन्यांपूर्वीच संपल्याचे दिसले आणि बदलून देण्यास नकार मिळाल्यामुळे मला दुसऱ्या दुकानातून नवी डबी घ्यावी लागली. वरचे सगळे आकडे या दुसऱ्या डबीचे आहेत. घेताना तारीख दुकानातच वाचून घ्यावी.

रोपाकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही सांगायला हवे. पॉलीहाऊसमधले गुलाब सहसा नताल ब्रायरसारख्या जोमदार खुंटावर डोळा भरून (त्याच्या सालीत हव्या त्या जातीचा डोळा बसवून) वाढवलेले असतात. आपली काडी मात्र स्वतःच्याच मुळांवर उभी राहते, त्यामुळे गच्चीवरच्या कुंडीत तिला तेवढा लांब दांडा आणि तेवढे मोठे फूल येणार नाही. सप्टेंबरच्या तीन रोपांपैकी एकाला फेब्रुवारीत कळी आली. रोपाला आधी जोम धरू द्यावा म्हणून ती खुडून टाकावी, असे मामांनी बजावले होते, पण वडिलांनी ती खुडू दिली नाही, आणि नेहमीच्या फुलाच्या निम्म्या आकाराचे लाल फूल आठ दिवस टिकले.

पाचपैकी चार गुण मी या पुडीला देते. उरलेली डबी घट्ट झाकून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवली आहे. जुलैत हवा दमट झाली की आईच्या अंगणातल्या गावठी गुलाबाच्या काड्यांना ती लावणार आहे.