टेसरॅक्ट आणि स्कॅनटेलर, जुन्या मराठी पुस्तकांसाठी: सात महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. बाजारातून गेलेलं जुनं मराठी पुस्तक नव्याने छापायचं असेल, तर हे दोन फुकट प्रोग्रॅम (स्कॅनटेलर पानांचे फोटो साफ करतो, टेसरॅक्ट त्यांतली अक्षरं ओळखून मजकूर करतो, म्हणजे ओसीआर) टायपिंगचं काम बरंचसं वाचवतात. मुद्रितशोधन मात्र कमी होत नाही, उलट अवघड होतं. माणूस टाइप करताना चुकला की 'पुसत्क' लिहितो आणि ते लगेच डोळ्याला खुपतं. टेसरॅक्ट चुकतो तेव्हा 'कांहीं'चं 'काही' करतो. आजच्या डोळ्याला ते बरोबरच वाटतं, म्हणून चूक पुढे सरकते आणि पुस्तकात छापली जाते.

वापरलेला माल: खिळे जुळवून छापलेली, साधारण १९१० ते १९४० मधली गद्य पुस्तकं, डेमी आणि क्राऊन आकाराची. टेसरॅक्ट ५, त्याच्या मराठी मॉडेलची (अक्षरं ओळखायला आधीच शिकवलेल्या फाइलची) 'बेस्ट' आवृत्ती, स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड, आणि आठ जीबीचा साधा लॅपटॉप. यापेक्षा भारी यंत्र लागत नाही.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो फोटोमुळे. फ्लॅटबेड स्कॅनरवर जुनं पुस्तक दाबलं की पुट्ठा आणि शिलाई जाते. पुस्तक नव्वद-शंभर अंशांपेक्षा जास्त न उघडता इंग्रजी व्ही आकाराच्या फळ्यांवर ठेवायचं, वरून काच टेकवायची आणि एका वेळी एकाच बाजूचं पान टिपायचं. दिवे दोन्ही कडांनी तिरपे, नाहीतर काचेवर चमक येते. बारा मेगापिक्सेल कॅमेऱ्याची लांब बाजू चार हजार पिक्सेल धरली, तर साडेआठ इंच उंचीच्या डेमी पानाला इंचाला सुमारे ४७० पिक्सेल मिळतात. दोन पानं एकाच चौकटीत घेतली तर ३६० वर येतात. चालतं, पण तळटीपा बारीक असतील तर नको. हा हिशोब टिंबासाठी आहे. अनुस्वाराचा ठिपका अर्धा मिलिमीटर धरला, तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) तो सहा पिक्सेलचा होतो आणि १५० ला तीनचा. तीन पिक्सेलचा ठिपका आणि कागदावरचा डाग यांत यंत्राला फरक कळत नाही.

कागद पातळ असेल तर मागची छपाई पुढे दिसते. पानामागे काळा कागद सरकवला की ती बरीच दबते. मोबाइलमधली 'डॉक्युमेंट स्कॅन' ॲप टाळा. ती पान सरळ करताना अक्षरं ताणतात आणि कडा कृत्रिम धारदार करतात.

स्कॅनटेलरमध्ये पानं सरळ करणं, दोन पानं वेगळी करणं, मजकुराची चौकट निवडणं, समास एकसारखे करणं, सगळं नीट होतं. तक्रार एकच, पण मोठी: डाग काढण्याची सोय. ती सौम्यपासून आक्रमकपर्यंत कमी-जास्त करता येते. इंग्रजी पानावर मध्यम पायरीने फार तर 'आय'वरचा ठिपका जाईल. जुन्या मराठी पानावर ती अनुस्वार खाते, आणि तेही सगळे नाही. ज्यांची शाई फिकी आहे तेवढेच. त्यामुळे पान बघून काही गेलंय असं वाटत नाही. ही सोय पूर्ण बंद ठेवा आणि काळं-पांढरं करण्याची मर्यादा पानोपानी हाताने बघा. डाग राहिले तर जास्तीची टिंबं येतात, पण आलेलं टिंब प्रुफात सापडतं. गेलेलं सापडत नाही. तयार पानं ६०० डीपीआयला काढा.

आता टेसरॅक्ट. 'फास्ट' मॉडेल घेऊ नका. 'बेस्ट' हळू चालतं, पण अचूक आहे, आणि पुढे शिकवायचं झालं तर तेच चालतं. सलग गद्याला पान-रचनेचा पर्याय ४ किंवा ६ ठेवा. आपोआप ओळखायला सांगितलं की डोक्यावरची शीर्षकं आणि तळटीपा मजकुरात मिसळतात. शब्दसूची वापरण्याच्या दोन सेटिंग्ज आहेत, त्या दोन्ही बंद करा. सूची चालू असेल तर मॉडेल ओळखीच्या शब्दाकडे झुकतं. बंद केल्यावरही झुकणं पूर्ण थांबत नाही. मॉडेल शिकलंय ते आजच्या वेबवरच्या मजकुरावर, आणि तिथे 'त्यानें' नाही, 'त्याने' आहे.

नेहमीच्या गफलती पाठ होतात: भ-म, घ-ध, ब-व, प-ष, थ-य, ट्ट-ट्ठ, द्य-घ. 'ख' तुटून 'रव' होतो, म्हणजे 'खाना'चा 'रवाना'. विसर्ग आणि अपूर्णविराम एकमेकांच्या जागी बसतात. ओव्यांमधला दंड काना होऊन मागच्या अक्षराला चिकटतो. आकड्यांत १ आणि ९. सनावळी असलेलं प्रत्येक पान मुळाशी ताडून बघा, 'लढाई १७६१'ची '१७६९' झालेली वाचताना अजिबात अडखळायला होत नाही.

एक गफलत तर पडद्यावर दिसतच नाही. 'दुसऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खाली नुक्ता (ठिपका) असलेल्या ऱ ला हलन्त (पाय मोडल्याची खूण) देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखे. ओसीआरचा मजकूर एका प्रकारचा आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या दुसऱ्या प्रकारच्या, असं झालं की 'दुसऱ्या' शोधल्यावर अर्धेच सापडतात. शब्दसूची करताना एकाच शब्दाच्या दोन नोंदी पडतात, आणि काही फाँटांत एक प्रकार मोडून दिसतो. 'ॲ'चंही तसंच: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र. पहिल्या दिवशी सगळं एकाच प्रकारात बदलून घ्या. आणि जोडचिन्ह गळालं की 'दऱ्या'चं सरळ 'दर्या' होतं. डोंगरातून समुद्रात!

चार-पाचशे ओळींची चित्रं आणि त्यांचा तपासलेला मजकूर देऊन मॉडेलला त्याच छापखान्याच्या खिळ्यांवर शिकवता येतं. दोनशे पानांच्या एका पुस्तकासाठी हा खटाटोप परवडत नाही. एकाच छापखान्याची चार-पाच पुस्तकं ओळीने करायची असतील तर जरूर करा. मात्र शिकवण्याचा मजकूर अक्षरशः मुळाबरहुकूम हवा. त्यात एक जरी 'काही' राहिलं, तर तीच खोड पक्की होते.

आता मुख्य प्रश्न: जुनं लेखन ठेवायचं की आजचं करायचं? हे ओसीआरआधी ठरवा. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले. महामंडळाच्या नियमांत जुन्या मजकुराबद्दलही सांगितलं आहे: केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्य मुळानुसार छापावं, त्यानंतरचं नव्या नियमांनुसार. म्हणजे १९२० ची कादंबरी आजच्या लेखनात आणली तर नियमाला धरूनच आहे. फक्त ते 'शोधा आणि बदला'ने होत नाही.

उदाहरणार्थ, जुन्या लेखनात 'घरांत' एका घरासाठीही लिहीत. आज एकवचन 'घरात' आणि अनेकवचन 'घरांत'. 'गांवांत पाणी नव्हतें' या वाक्यात गाव एक की अनेक, हे मागचं पान वाचूनच ठरतं. सगळे 'ांत' सरसकट 'ात' केले तर 'प्रांत'चा 'प्रात', 'वृत्तांत'चा 'वृत्तात' आणि 'शांत'चा 'शात' होतो. उलट 'तें गेलें' आणि 'ते गेले' यांत जुन्या लेखनात मूल गेलं की वडील गेले हे टिंबावरून कळतं. नव्यात दोन्ही 'ते गेले'. तिथे अर्थ संदिग्ध होत असेल तर संपादकाने थांबायला हवं, आणि ते वाक्य समोर आलंय हे त्याला कळायला आधी मूळ टिंब मजकुरात असायला हवं. म्हणून आजचं लेखन करायचं असलं तरी पहिली प्रत मुळाबरहुकूमच तयार करा आणि ती वेगळी जपा. टेसरॅक्टने परस्पर केलेलं आधुनिकीकरण फुकट मिळालं म्हणून ठेवून घेणं ही सगळ्यात महागडी काटकसर.

पद्याला हात लावू नका. 'कवि'चं 'कवी' केलं की मात्रा वाढते आणि वृत्त मोडतं.

मुद्रितशोधनात एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मुळात बघायचं ही जुनी पद्धत इथे अर्धीच चालते, कारण अनुच्चारित टिंब ऐकूच येत नाही. वाचणाऱ्याने 'त्याने, टिंब' असं म्हणावं लागतं. दहा पानांत घसा बसतो. त्याऐवजी चित्र आणि मजकूर शेजारी-शेजारी ठेवून ओळीखाली पट्टी सरकवत वाचलेलं बरं. विकिस्रोतावरची (मुक्त पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयातली) पानं अशीच असतात: लाल म्हणजे न तपासलेलं, पिवळं म्हणजे एकाने तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्यानेही पाहिलेलं. घरच्या घरी काम करतानाही दोन वेगळ्या माणसांचा हा दंडक पाळा. पानाला पंधरा मिनिटं धरली तर २४० पानांच्या एका वाचनाला साठ तास लागतात, आणि वाचनं दोन. प्रकाशनाची तारीख याच आकड्यावरून ठरवा.

एक युक्ती फार उपयोगी पडली. प्रत्येक पानाच्या फाइलमधली टिंबं मोजणारी चार ओळींची पायथॉन स्क्रिप्ट लिहायची. शेजारच्या पानांत आकडा सारखा असतो आणि एखाद्या पानावर तो एकदम निम्म्यावर येतो. तिथे बहुतेक वेळा शाई फिकी असते किंवा काळं-पांढरं करताना मर्यादा चुकलेली असते. ते पान प्रुफात दुरुस्त करत बसू नका, पुन्हा स्कॅनटेलरमधून काढा. तसंच पुस्तकभरात एकदाच आलेल्या शब्दांची यादी करा. त्यात लेखकाचे दुर्मिळ शब्द असतात आणि यंत्राचे घोळ असतात, तिसरं फारसं काही नसतं.

मांडणीबद्दल थोडक्यात. फाँट मराठी वळणाचा घ्या: राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, तिरो देवनागरी मराठी, किंवा संस्कृत उतारे बरेच असतील तर आयआयटी मुंबईचा शोभिका. ज्या फाँटांत मराठी रूपं भाषेच्या खुणेवर अवलंबून असतात, तिथे मजकुराची भाषा मराठी न ठेवल्यास हिंदी वळणाचे ल आणि श छापून येतात, आणि हे पुस्तक हातात आल्यावरच लक्षात येतं. मांडणीसाठी इनडिझाइन हा प्रोग्रॅम वापरत असाल तर 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर चालू करा, नाहीतर वेलांट्या अक्षर सोडून उभ्या राहतात. अकरा-साडेअकरा पॉइंटला सोळा-सतराची ओळ ठेवा. वर मात्रा आणि खाली उकार असलेल्या लिपीला याहून कमी पुरत नाही.

छपाईत पानं सोळाच्या पटीत बसवा. २४० पानं म्हणजे बरोबर पंधरा फर्मे. ८० जीएसएमचा नॅचरल शेड कागद पानपत्रामागे (एक पत्र म्हणजे पुढचं-मागचं मिळून दोन पानं) साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे १२० पानपत्रांचा कणा १२ मिलिमीटर. पण मुखपृष्ठाची फाइल अंतिम करण्याआधी छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी मागून मोजा. पन्नास-शंभर प्रतींना डिजिटल छपाई, काही शेंवर गेलं की ऑफसेटचा हिशोब बसू लागतो. नुसतं गोंदाचं बाइंडिंग स्वस्त, पण ग्रंथालयात जाणाऱ्या प्रतींना फर्मा शिलाई करून घ्या.

हक्कांचं गणित भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. अनुवादक, चित्रकार, प्रस्तावनाकार यांचे हक्क वेगळे मोजा. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ची, म्हणून मूळ मजकूर मुक्त. पण ती विस्मरणातून बाहेर आली स. गं. मालशे यांच्या १९७५ च्या आवृत्तीमुळे, आणि त्या आवृत्तीची प्रस्तावना व टीपा हे संपादकाचं काम. स्कॅन कुठल्या आवृत्तीचा आहे हे म्हणूनच बघायचं. पहिली आवृत्ती कोणती हे शोधायला शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची काढा, १८०० ते १९३७ ची नोंद एकाच खंडात मिळते. नव्याने मांडलेल्या पुस्तकाला नवा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घ्या, भारतात तो मोफत मिळतो.

शिळाछापाची पुस्तकं, पोथ्या आणि मोडी यांच्यासाठी या जोडीचा उपयोग शून्य. तिथे फक्त स्कॅनटेलर वापरून पानांची जशीच्या तशी प्रतिकृती छापा. चित्रं आणि कोष्टकं भरपूर असलेल्या पुस्तकांनाही तेच बरं. नेटवरून उचललेल्या स्कॅनची अशी प्रतिकृती छापायची असेल तर आधी पृष्ठक्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजा. दोन पानं एकदम उलटली गेल्याने गळालेली जोडी हा अशा स्कॅनचा नेहमीचा आजार आहे.

आणि पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र आहे का ते पहिल्याच दिवशी बघा. जुन्या पुस्तकांत ते हमखास असतं, आणि पानं ओळीने करत गेलं की सगळ्यात शेवटी हाती लागतं. तोवर 'पृष्ठ ४३, ओळ ७' नव्या मांडणीत कुठे गेलं हे शोधत बसावं लागतं. मुळाबरहुकूम प्रत तयार होते, तिच्यात ओळी अजून जुन्याच असतात, तेव्हाच त्या दुरुस्त्या भरून घ्या.