धावती गाडी बंद पडते: कंपनीत द्यावी, गॅरेजला दाखवावी की आधी घरीच स्कॅनर लावावा?

गाडी स्टार्टच होत नसेल तर एका अर्थी बरं असतं. ती दारात उभी असते, मेकॅनिक येतो, बघतो आणि काय ते सांगतो. खरी छळते ती चालता चालता बंद पडणारी आणि मेकॅनिकसमोर मात्र शहाण्या मुलासारखी वागणारी गाडी. माझी दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक मे महिन्यात खंबाटकी चढताना अशीच गेली. हॅन्डब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला, अर्धा-पाऊण तास उन्हात उभा राहिलो आणि पुन्हा चावी फिरवली. काही झालंच नाही अशा थाटात चालू!

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत तिन्ही दारं ठोठावून झाली. ओळखीच्या गॅरेजवाल्याने थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी झडप, धुतली, प्लग बदलले. कंपनीत, म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरला, ‘कोड येत नाही’ (म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाड नोंदलेला नाही) म्हणाले आणि टाकीतला पेट्रोल पंप बदलण्याचं आठ हजारांच्या वरचं एस्टिमेट हातात ठेवलं. अखेर निघाला तो क्रँक सेन्सर, इंजिनच्या फिरण्याची खबर कॉम्प्युटरला देणारा. मजुरी धरून दीड हजारात काम झालं. यावरून ‘कंपनीवाले लुटतात’ असा निष्कर्ष काढू नका, कारण पहिला चुकीचा खर्च गॅरेजवाल्यानेच करायला लावला होता. चूक माझीही होती. गाडी बंद पडते एवढंच मी सांगत होतो, कशी बंद पडते ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आधी गाडी मरते कशी ते बघा

कुठे जायचं हे यावरच ठरतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सिग्नलला थांबलात, क्लच दाबला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि इंजिन थरथरत विझलं, एसी लावल्यावर तर नक्कीच, तर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीने कार्बन धरलेला असतो. उभ्या गाडीचं इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमला फिरायला हवं. झडपेच्या पाकळीच्या कडेला काळा थर बसला की तेवढी हवा आत जात नाही. एखादा व्हॅक्यूम पाइप तडकलेला असला तरी आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं हे फिरणं, असंच बिघडतं.

चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडीला आधी दम लागला, झटके बसले आणि मग ती बंद पडली, तर इंधन पुरत नाही असं समजा. फिल्टर तुंबलेला असेल किंवा पंप थकलेला. हा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात ते यामुळे.

कसलीही पूर्वसूचना न देता, दिवा विझावा तशी गेली आणि गार झाल्यावर आपोआप चालू झाली, तर संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन कुठल्या क्षणी कुठे फिरतंय हे कॉम्प्युटरला हाच सांगतो. तो गप्प झाला की कॉम्प्युटर ठिणगीही थांबवतो आणि इंजेक्टरही. याची एक सुंदर खूण आहे. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही, रस्त्यावर अजून घरंगळतेय, म्हणजे चाकं इंजिनला फिरवतच आहेत. तरीही आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर आला, तर इंजिन फिरतंय पण त्याची खबर पोचत नाही, असा त्याचा अर्थ. पेट्रोल संपत आलेल्या गाडीत काटा असा पडत नाही. मला हे शिरवळच्या पुढे सपाट रस्त्यावर दिसलं, आणि तिथून पुढे निदान दोन दिवसांत झालं.

बाकीच्या खुणा थोडक्यात. स्टार्ट होऊन दोन सेकंदांत बंद आणि मीटरवर चावीचं चित्र लुकलुकतंय, तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. कपाटातली दुसरी चावी लावून बघा. टाकी भरून पंपावरून निघताना बंद पडते, स्टार्ट व्हायलाही कुरकुरते, तर टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहिला असेल. खड्ड्यात आपटल्यावर मीटरवरचे दिवेही गेले, तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर किंवा चावीचा स्विच. या स्विचला हलक्यात घेऊ नका. २०१४ साली जनरल मोटर्सने अमेरिकेत आणि इतर देशांत मिळून सुमारे २६ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. चावी धावत्या गाडीत मागे सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत चावीला दुसरं काहीही अडकवू नका, असं कंपनीने मालकांना सांगितलं होतं. तुमच्या चावीला घर, ऑफिस, कपाट आणि वर पितळेचा गणपती लटकत असेल तर एकदा विचार करा.

सीएनजी गाडी असेल तर सर्वात स्वस्त तपासणी तुमच्याच हातात आहे. दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. पेट्रोलवर ठणठणीत आणि गॅसवर बंद पडते, तर गॅसचा फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, प्लग. दोन्हीवर बंद पडते, तर किटवाल्याकडे जाऊन उपयोग नाही.

हल्ली प्रत्येक बिघाडाचं खापर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर फोडायची पद्धत पडली आहे. इथेनॉल पाणी शोषतं हे खरं, जुन्या रबरी पाइपांना ते मानवत नाही हेही खरं. पण गार झाल्यावर जी गाडी सुरळीत चालते, तिच्या टाकीतलं पेट्रोल अर्ध्या तासात बदललेलं नसतं.

घरचा स्कॅनर

ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र, हजाराच्या आत मिळतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाइलवर ॲप उघडतं. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांना ओबीडीचा दुसरा टप्पा लागू झाला. त्याआधीच्या गाडीत चालेलच असं नाही. आयफोन असेल तर घेण्याआधी विचारून घ्या, कारण स्वस्तातले बरेच स्कॅनर त्याला जोडले जात नाहीत.

याचा फायदा असा की गाडी बंद पडते त्या क्षणी तो तुमच्याजवळ असतो. कंपनीचा लाखाचा स्कॅनर वर्कशॉपमध्ये असतो आणि तुमची गाडी घाटात. पी०३३५ आला तर क्रँक सेन्सर, पी०३४० म्हणजे कॅम सेन्सर, पी०५०६ म्हणजे आयडलिंग कमी, पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पण कोडमध्ये नाव आलं म्हणजे तो पार्ट खराब असतोच असं नाही. उंदराने कुरतडलेली वायरही तोच कोड देते. उलट अधूनमधून दगा देणारा सेन्सर पुष्कळदा कोड मागे ठेवतच नाही. म्हणून कोडपेक्षा चालू आकडे बघा. बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग. बेताने चढ चढताना ‘फ्युएल ट्रिम’ (कॉम्प्युटर इंधन किती वाढवतोय त्याचा आकडा) अधिक २०-२५ टक्क्यांवर जात असेल, तर पंपाकडे बघायला हवं. बॅटरीचे व्होल्ट इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ असावेत.

एक कळकळीची सूचना: स्कॅन होईपर्यंत बॅटरी काढून जोडायला कुणालाही देऊ नका. ‘रीसेट मारून बघू’ म्हणत पहिल्याच मिनिटाला टर्मिनल सैल करणारे आहेत. त्याने साठलेला कोड आणि बिघाडाच्या क्षणी टिपलेले आकडे दोन्ही जातात.

ओळखीचं गॅरेज

गॅरेजवाल्याची मोठी शक्ती म्हणजे वेळ. तो गाडी दोन दिवस ठेवून घेतो, संध्याकाळी घरी नेतो, सकाळी परत आणतो. गरम झाल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीला हेच लागतं. माझ्या गाडीचं निदान दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने पाण्याच्या बाटलीने केलं. गाडी बंद पडल्या पडल्या त्याने गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरवर जपून थोडं गार पाणी ओतलं आणि सेल्फ मारला. लागली. नुसती उभी ठेवून जी पाऊण तास लागत नसे, ती दोन मिनिटांत लागली.

दुबळी बाजू म्हणजे ‘बदलून बघू’. प्लग बदलून बघू, कॉइल बदलून बघू. प्रत्येक बघण्याचे पैसे तुमचे. म्हणून गाडी सोडण्याआधी एकच विचारा: पेट्रोलचं प्रेशर मोजायचं गेज आहे का? साध्या मल्टिपॉइंट इंजिनला (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) ते बहुधा ३ ते ४ बार लागतं. गेज आहे आणि तो मोजतो, तर तो माणूस धरून ठेवा. ‘कानाने कळतं आपल्याला’ असं उत्तर आलं, तर थ्रॉटल धुण्यापलीकडचं काम देऊ नका. वायरिंगचा संशय असेल तर मेकॅनिकपेक्षा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

गॅरेजवाल्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. चांगली तपासणी यंत्रं त्यांच्याकडे नसण्याचं कारण नेहमी कंजूषपणा नसतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत म्हणून. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. आता अनेक गाड्यांवर चालणारे स्कॅनर बऱ्याच गॅरेजमध्ये दिसतात.

कंपनी

वॉरंटी किंवा एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असेल तर पुढचं वाचूच नका, गाडी कंपनीत द्या. इमोबिलायझरचं काम, नवीन चावी, कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर, थ्रॉटल धुतल्यावर आयडलिंग पुन्हा शिकवणं, हेही तिथेच नीट होतं. जाण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का ते बघा. असेल तर ते काम फुकट होतं.

अडचण एकच, पण मोठी. तिथली टेस्ट ड्राइव्ह छोटी असते आणि तेवढ्यात गाडी गरमच होत नाही. मग अंदाजाने सर्वात महागड्या पार्टचं एस्टिमेट येतं. यावर उपाय जॉबकार्डात, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून घेतात त्या कागदात, आहे. ‘गाडी बंद पडते’ असं लिहू देऊ नका. ‘चाळीस मिनिटं चालवल्यावर, चौथ्या गिअरमध्ये, झटका न देता बंद, काटा शून्य, अर्ध्या तासाने पुन्हा चालू’ असं शब्दशः लिहून घ्या. काटा पडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तम, फक्त तो शेजारी बसलेल्याने काढलेला असावा. आणि एस्टिमेट आलं की विचारा, हे कशावरून ठरवलं? प्रेशरचा आकडा सांगितला तर ठीक. नाही सांगितला तर सही करू नका.

मी आज काय करीन

वॉरंटी संपलेली गाडी आयडलिंगला बंद पडत असेल तर सरळ गॅरेज. गरम झाल्यावर अचानक बंद पडत असेल तर आठवडाभर स्कॅनर लावून फिरेन आणि मिळालेले आकडे घेऊन गॅरेजला जाईन. दम लागून बंद पडत असेल तर जिथे गेज आहे तिथे, मग ते गॅरेज असो की कंपनी. चावीचं चित्र लुकलुकत असेल तर कंपनी. आणि दिवसातून दोनदा, हायवेवर बंद पडत असेल तर तुलना वगैरे बाजूला ठेवून टोचन करून नेईन. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक हलका करणारा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच उरतो. तेवढ्यात एकाच दाबात, न पंप करता, कडेला यायचं. चावी मात्र काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

राहिला पार्टचा प्रश्न. हवेचा फिल्टर, प्लग नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचे चालतात. क्रँक सेन्सर आणि पेट्रोल पंप मात्र ओरिजिनलच घ्या. पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत पार्ट नंबर दाखवूनच मागा. ‘सेम टू सेम’ म्हणून दिलेला सेन्सर गार असताना कंपनीच्या सेन्सरइतकाच छान चालतो, आणि गाडी खंबाटकीला गरम होते. जुना पार्ट परत मागून घ्या. माझा अजून डिकीत आहे, गरम झाला की बंद पडतो हे माहीत असूनही.