फर्टूल चार वर्षं वापरल्यावर: वेग आवडला, पण जुनी फाइल उघडते का?

चिझल या स्कालात बसवलेल्या हार्डवेअर भाषेत लिहिलेलं डिझाइन व्हेरिलॉगपर्यंत, म्हणजे चिपच्या पुढच्या टूल्सना कळणाऱ्या भाषेपर्यंत, पोहोचवायचं काम आमच्याकडे चार वर्षांपासून फर्टूल हा कंपायलर करतोय. त्याआधी ते स्काला भाषेत लिहिलेला जुना फर्टल कंपायलर करायचा. ही अदलाबदल आमच्या टीममध्ये मीच केली. जुने पास, म्हणजे डिझाइनवर एकेक बदल करणारे कंपायलरचे टप्पे, नव्याने लिहिले आणि रिग्रेशनमध्ये, म्हणजे जुन्या चाचण्या पुन्हा चालवताना, काही पडलं की रात्री मलाच फोन यायचा. फर्टूल जुन्यापेक्षा किती जलद आहे याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. तो खरंच जलद आहे, एवढं म्हणून मी पुढे जाते. मला लिहायचंय ते सोर्स आणि व्हेरिलॉग यांच्या मधल्या रूपाबद्दल, म्हणजे आयआरबद्दल. तो आयआर फाइलमध्ये कसा उतरतो आणि दोन वर्षांनी ती फाइल परत उघडते का, याबद्दल.

नवीन लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. चिझल २०१२ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून जगापुढे आलं. चिझल ३ पासून फ्रंटएंड थेट व्हेरिलॉग लिहीत नाही, फर्टल नावाचा आयआर लिहितो. २०२० मध्ये एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाच्या छत्राखाली हार्डवेअरसाठीचा सीआयआरसीटी प्रकल्प सुरू झाला आणि त्यात एमएलआयआर या आयआर बांधायच्या चौकटीच्या पायावर फर्टलचा नवा कंपायलर उभा राहिला. तोच हा फर्टूल. चिझल ३.६ ही दोन्ही कंपायलर चालणारी शेवटची मालिका होती. २०२३ मध्ये आलेल्या चिझल ५ मध्ये जुना कंपायलर काढून टाकला.

माझ्या मते फर्टूलमधली सगळ्यात मोलाची गोष्ट फर फाइलच्या, म्हणजे फर्टल ज्यात उतरतं त्या फाइलच्या, पहिल्याच ओळीत आहे. 'फर्टल व्हर्जन ४.०.०' असं तिथे साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पूर्वी फाइल सरळ 'सर्किट' या शब्दाने सुरू व्हायची आणि ती कोणत्या नियमांनी वाचायची हे वाचणाऱ्याने ओळखायचं. आता पार्सर, म्हणजे फाइल वाचून समजून घेणारा भाग, आधी ही ओळ वाचतो आणि त्यावरून कोणती रचना चालेल, कोणती नाही, हे ठरवतो. जोडणीसाठी पूर्वी <= हे चिन्ह होतं, नव्या आवृत्त्यांत 'कनेक्ट' हा शब्द आहे. ४.०.० मध्ये मॉड्यूलपुढे 'पब्लिक' लिहायची सोय आली, त्यामुळे कोणतं मॉड्यूल बाहेरून दिसायला हवं हे आयआरमध्येच स्पष्ट होतं. चुकीच्या आवृत्तीत चुकीची रचना सापडली तर फर्टूल नेमक्या ओळीवर बोट ठेवून नकार देतो. असा नकार मिळाला की निम्मं काम झालं असं मी समजते, कारण चुकीचा अर्थ लावून गप्प पुढे जाणारा पार्सर मी पूर्वी भोगलाय.

हे सगळं टेक्स्ट आहे, याबद्दल सुरुवातीला मला शंका होती. जुन्या कंपायलरमध्ये आम्ही टेक्स्टऐवजी प्रोटोबफ हा बायनरी फॉर्मॅट वापरायचो आणि त्याला कारण होतं. तिथला पार्सर अँटलर या पार्सर बनवणाऱ्या टूलने बनवलेला होता. मोठं डिझाइन दिलं की त्याचं पार्स ट्री मेमरी खाऊन टाकायचं आणि जावाच्या हीपचा, म्हणजे मेमरीच्या मर्यादेचा, आकडा वाढवत बसणं एवढंच हातात राहायचं. प्रोटोबफने तो टप्पा टळायचा. शिवाय त्याची शिस्त चांगली आहे: प्रत्येक फील्डला नंबर, नवीन फील्डला नवीन नंबर, जुना नंबर पुन्हा वापरायचा नाही. स्कीमा बदलताना ही शिस्त पाळली की जुन्या फाइली निमूट वाचल्या जातात. पण एका मेसेजला २ जीबीची मर्यादा आहे, आणि दोन बिल्डमध्ये काय बदललं हे डोळ्यांनी बघायची सोय नाही.

फर्टूल प्रोटोबफ वाचत नाही. त्याचा टेक्स्ट पार्सरच वेगळ्या पद्धतीने लिहिलाय. तो आधी फाइलवरून भराभर नजर फिरवतो, इंडेंटेशन बघून प्रत्येक मॉड्यूल कुठे सुरू होतं, कुठे संपतं, पोर्ट कोणते, एवढंच टिपतो. मॉड्यूलच्या आतला मजकूर मग वेगवेगळ्या थ्रेडवर एकाच वेळी वाचला जातो. इंडेंटेशनला अर्थ असलेल्या भाषेचा इतका सुरेख उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मोठं डिझाइन वाचलं जात असताना सगळे कोअर कामाला लागलेले बघितले आणि टेक्स्टबद्दलची माझी शंका गेली.

आता आत काय होतं ते एका बेरजेवर दाखवते. चिझलमध्ये दोन ८ बिटी संख्यांमध्ये साधं अधिक चिन्ह टाका. फर्टलमध्ये त्याच्या दोन गोष्टी होतात: 'अ‍ॅड' ९ बिटांचं उत्तर देतो आणि 'टेल' वरचा एक बिट कापतो. संख्या चिन्हासहित आहे की नाही हे फर्टलमध्ये टाइपच सांगतो. खाली 'कॉम्ब' डायलेक्टमध्ये (डायलेक्ट म्हणजे एमएलआयआरमधली क्रिया आणि टाइपची एक छोटी भाषा) आलं की टाइपमधून चिन्ह गायब होतं, फक्त ८ बिट किंवा ९ बिट उरतात. चिन्हाचा विचार भागाकार किंवा उजवीकडच्या शिफ्टसारख्या क्रियेने करायचा. बेरजेला दोन्ही बाजू सारख्याच रुंदीच्या लागतात, म्हणून ९ बिट हवे असतील तर पुढे शून्य जोडून घ्यायचं. पहिल्या महिन्यात मला हे उगाच वाढवलेलं काम वाटलं. मग मी स्थिरांक पुढे नेणारा आमचा पास नव्या घरात पुन्हा लिहिला. जुन्यात रुंदीच्या आणि चिन्हाच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळी केस होती, इथे बहुतेक केसेस गळूनच पडल्या.

अ‍ॅनोटेशनबद्दल मात्र बोललंच पाहिजे. डिझाइनच्या भागांना जोडलेली, कंपायलरसाठीची ही माहिती जेसन या टेक्स्ट फॉर्मॅटमध्ये असते, पूर्वी वेगळ्या फाइलमध्ये, आता फर फाइलच्या सुरुवातीलाही घालता येते. प्रत्येक नोंदीत 'क्लास' नावाची किल्ली असते आणि तिची किंमत म्हणजे स्कालामधल्या क्लासचं पॅकेजसकट पूर्ण नाव. आमच्या एका सहकाऱ्याने आमच्याच खासगी पासचं पॅकेज नाव नीटनेटकं केलं, तेही सगळ्यांच्या संमतीने. वर्षभरापूर्वी जपून ठेवलेल्या सगळ्या अ‍ॅनोटेशन फाइली त्या दिवशी निकामी झाल्या, कारण लोडर ज्या नावाचा क्लास शोधत होता तो आता कुठेच नव्हता. कोडमधलं नाव फाइलमध्ये जसंच्या तसं उतरवलं की ते नाव तुमच्या फॉर्मॅटचा भाग होतं. फर्टूल सी प्लस प्लसमध्ये आहे, तिथे स्कालाचे क्लास नाहीत, तरीही 'डोंट टच' (या भागाला हात लावू नका) या सूचनेसाठी तो आजही तेच जुनं लांबलचक स्काला नाव ओळखतो. मला यात जबाबदारी दिसते. ज्यांच्या फाइली बाहेर आहेत त्यांचा विचार केलाय.

हाच विचार खालच्या थरांत मात्र नाही, आणि तिथेच माझं घोडं अडलं. एक ब्लॉक पूर्ण झाल्यावर आम्ही त्याचा 'एचडब्ल्यू' या खालच्या डायलेक्टच्या पातळीवरचा एमएलआयआर जपून ठेवला होता. तर्क असा की त्यातून व्हेरिलॉग एका पायरीत निघतं, मग वरचं कशाला हवं. निर्णय माझा होता. पुढे त्या ब्लॉकमध्ये रीसेटचा एक छोटा बदल करायची वेळ आली आणि नव्या फर्टूलने ती फाइल उघडायलाच नकार दिला. मी तीन दिवस फाइल पुढे घेऊन बसले. मॉड्यूलचे पोर्ट लिहायची पद्धत बदललेली: आधी बाणापुढे आउटपुट लिहायचे, आता प्रत्येक पोर्टपुढे 'इन' किंवा 'आउट' लागतं. ते स्क्रिप्टने जमलं. चिन्ह वाढवणारी क्रिया 'कॉम्ब'मधून काढून टाकलेली, तिच्याऐवजी वरचा बिट हवा तितक्या वेळा उतरवून जोडायचा. तेही जमलं. क्लॉकपाशी गाडी थांबली. पूर्वी क्लॉक म्हणजे साधा एक बिट होता, आता त्याला स्वतःचा टाइप आहे. हा बदल मला मनापासून पटतो, कारण क्लॉक चुकून डेटाच्या गेटमध्ये घुसवायची चूक टाइपच अडवतो. पण जुन्या फाइलमध्ये कोणता एक बिट खरा क्लॉक आणि कोणता डेटा, हे स्क्रिप्टला कसं कळणार? ते मला डिझाइन समजून घेऊन हाताने ठरवावं लागलं असतं.

सुटका झाली ती एका सहकाऱ्याकडे फर फाइल शिल्लक होती म्हणून. त्या काळातला फर्टूल अजून डाउनलोड करता येतो. त्याने ती फाइल वाचली आणि जिवात जीव आला.

सीआयआरसीटीने या डायलेक्टच्या स्थिरतेचं वचन कधीच दिलेलं नाही, त्यामुळे फसवलं असं मी म्हणणार नाही. टेक्स्टऐवजी एमएलआयआरचा बायनरी बाइटकोड वापरला असता तरी हेच झालं असतं. बाइटकोडच्या साच्याला आवृत्ती आहे, पण आतल्या क्रियांचा अर्थ सांभाळणं प्रत्येक डायलेक्टवर सोडलंय. वाचताना जुनं रूप नव्यात चढवायचा हुक एमएलआयआर देतो, तो भरायचं काम डायलेक्टने करायचं. मशीन लर्निंगच्या बाजूला स्टेबलएचएलओ या मॉडेल लिहायच्या क्रियांच्या संचाने यासाठी व्हीएचएलओ नावाचा वेगळा डायलेक्ट ठेवलाय, ज्यात फक्त भर घालायची, जुनं बदलायचं नाही. हार्डवेअरमध्ये चिपचं आयुष्य मॉडेलपेक्षा कितीतरी मोठं असतं. 'एचडब्ल्यू', 'कॉम्ब' आणि 'सीक' (रजिस्टर आणि क्लॉकचा डायलेक्ट) या तिघांसाठी असा एक गोठवलेला थर व्हावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. त्यासाठी हात लावायलाही मी तयार आहे.

व्हेरिलॉगबद्दल थोडक्यात. जुन्यापेक्षा खूपच वाचनीय निघतं, मूळ स्काला ओळीचा पत्ता शेजारी कॉमेंटमध्ये असतो. पुढचं टूल सिस्टिमव्हेरिलॉगचं एखादं रूप पचवू शकत नसेल तर लोअरिंग ऑप्शनने, म्हणजे फर्टूलला द्यायच्या सेटिंगने, ते टाळता येतं. तक्रार नाही.

चिझल वापरणाऱ्यांना आता फर्टूलशिवाय पर्याय उरलेला नाही, आणि असता तरी मी हाच घेतला असता. माझे पाचपैकी चार. आमच्या भांडारात आता प्रत्येक ब्लॉकबरोबर चिझलचा सोर्स, फर फाइल आणि ती वाचणारा फर्टूलचा बायनरी असं तिन्ही एकत्र जातं. नवा फर्टूल आला की रात्रीचं पहिलं काम म्हणजे भांडारातल्या सगळ्यात जुन्या फर फाइलपासून एकेक उघडून बघणं. परवाच्या आवृत्तीत पहिल्या दोन पडल्या, त्या कोणत्या रचनेवर पडल्या ते मी आज बघतेय.