सिरॅमिक जिकोवर वाढदिवसाचा केक: केनियाच्या डोंगराळ भागातल्या मिशनरी कुटुंबांसाठी परीक्षण

लेकराचा पहिला-दुसरा वाढदिवस परमुलखात आला की मिशनच्या क्वार्टर्समध्ये पहिला प्रश्न ओव्हनचा. गॅसच्या दोन शेगड्या असतात, पण विजेचा भरवसा नसतो. त्यासाठी भारतातून ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, नेणे म्हणजे सामानाचे बहुमोल किलो वाया घालवणे. केनियात बाजारात सहज मिळणारा सिरॅमिक जिको हे काम उत्तम करतो. मात्र उंचीचा हिशेब केला नाही, तर कितीही चांगल्या आचेवर केक मधे बसणारच.

जिको म्हणजे कोळशाची शेगडी. जुना जिको नुसत्या पत्र्याचा असे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या या प्रकारात कमरेशी निमुळत्या पत्र्याच्या सांगाड्यात भाजक्या मातीचे भांडे बसवलेले असते. त्याच्या तळाला भोके असतात, राख खाली पडते आणि खालच्या दाराने हवा कमी-जास्त करता येते. मातीमुळे धग आत टिकते, कोळसा कमी लागतो आणि आच एकसारखी राहते. केकला नेमके हेच हवे असते. पत्र्याच्या जिकोवर आच भडकते आणि तितक्याच लवकर उतरते. तो या कामाला घेऊ नये.

सोबत दोन भांडी लागतात. एक मोठी सुफुरिया, म्हणजे आपला सपाट बुडाचा ॲल्युमिनियमचा टोप, आणि तिच्यात चारी बाजूंनी दोन बोटे जागा सुटेल असा १८ सेंटीमीटरचा केकचा डबा. टोपात दोन सेंटीमीटर कोरडी वाळू पसरा, वर डब्याला टेकू म्हणून तीन चपटे दगड ठेवा. झाकण सपाट आणि जड हवे, कारण त्यावर निखारे ठेवायचे आहेत. गोव्यात बेबिंकाचा थर वरच्या निखाऱ्यांवर भाजतात, तीच ही रीत. कोळसा पेटल्यावर राखेचा पांढरा थर धरेपर्यंत थांबा, पंधरा-वीस मिनिटे लागतात. मग दोन वाटे झाकणावर, एक वाटा खाली. बहुतेक जण उलटे करतात, म्हणून बूड करपते आणि वरचा भाग कच्चा राहतो.

आच बरोबर आहे का हे पाहायला रिकाम्या डब्यात चिमूटभर मैदा टाकून झाकण लावा. चार-पाच मिनिटांत तो फिका तांबूस झाला तर मिश्रण ओता. मिनिटाभरात काळवंडला तर खालचे दार लावून काही निखारे काढा.

आता उंची. नैरोबी सुमारे १,८०० मीटरवर आहे. किजाबे, जिथे मिशनरींच्या मुलांसाठी १९०६ साली सुरू झालेली रिफ्ट व्हॅली अकॅडमी आहे, २,२०० मीटरच्या आसपास. तिथे पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळते. हवेचा दाब कमी, म्हणून बेकिंग पावडरचा वायू जास्त फुगतो. केक भराभर वर येतो आणि मैदा-अंड्याचा सांगाडा घट्ट होण्याआधीच खचतो. शिवाय पाणी लवकर उडून जाते, त्यामुळे साखरेचे प्रमाण वाढते आणि केक चिकट किंवा भुसभुशीत होतो. १८ सेंटीमीटरच्या डब्यासाठी हे प्रमाण धरा: मैदा १५० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर, अंडी दोन, दूध १५० मिलिलिटर, बेकिंग पावडर पाऊण चहाचा चमचा, मीठ चिमूटभर. अंडी फार फेटू नका, आधीच जास्त हवा नको आहे. डबा अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. ३५ मिनिटे झाकण उघडायचे नाही, मग सळई घालून पाहायचे.

दुकानात मैद्याचे पाकीट नीट वाचून घ्या. सेल्फ-रेझिंग पिठात बेकिंग पावडर आधीच असते. त्यात आणखी घातली की केक खात्रीने कोसळतो.

केक मिक्सची खोकी घरून नेण्याचा आग्रह मला पटत नाही. त्यांचे माप सपाटीच्या हिशेबाने ठरलेले असते आणि आतली बेकिंग पावडर तुम्हाला कमी करता येत नाही. वेगळा मैदा आणि दूध घालून सांभाळता येते, पण मग खोक्याचा उपयोग काय राहिला? घरून न्यायच्या वस्तू वेगळ्या: लहान मेणबत्त्या, खाण्याचे रंग, वेलची-जायफळाची पूड. विसरलात तर नैरोबीत पार्कलँड्सच्या डायमंड प्लाझात भारतीय वाणसामान मिळते. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र नेऊच नका. ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांच्यावर बंदी आहे. खाऊ कागदी पुड्यांत बांधा.

पाहुण्यांचा अंदाज मोठाच ठेवा. आमंत्रण दहा जणांना असले तरी शेजारची आणि चर्चच्या मंडळीतली मुले येणार, आणि यावीतही. एका केकचे वीसेक छोटे तुकडे होतात, म्हणून दोन केक करा आणि सोबत मंदाझी, म्हणजे तिथले मैद्याचे तळलेले गोडसर वडे, ठेवा. मंदाझी सकाळीच तळून घ्या, पोरे जमल्यावर अंगणात तापलेले तेल नको. शेंगदाणे तिथे घरोघर असतात, पण चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे देऊ नका, घशात अडकतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही लगेच उचला. उपकारस्तुतीची प्रार्थना केक कापण्याआधी आणि थोडक्यात घ्यावी, दोन वर्षांचे मूल पेटत्या मेणबत्तीसमोर फार वेळ थांबत नाही.

जिको बंद खोलीत कधीही पेटवू नये. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पावसाळी गारठ्यात ऊब म्हणून तो आत घेण्याचा मोह जीवघेणा ठरतो. व्हरांड्यात, मुलांच्या वाटेपासून दूर ठेवा. निखारे पाण्याने विझवू नका, तापलेले मातीचे भांडे तडकते. खालचे दार लावून, राख टाकून शांत होऊ द्या. विकत घेताना माती आणि पत्रा यांमधला सिमेंटचा थर बोटाने दाबून पाहा. भुगा निघाला तर दुसरा मागा.