मुलींची शाळा, साताऱ्यातली: फ्लेक्स छापणाऱ्याचा अभिप्राय

दहावीचा निकाल लागला की आमच्या दुकानात दिवाळी असते. दुपारी निकाल ऑनलाइन दिसतो आणि चारच्या आत शाळांचे क्लार्क व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायला लागतात. ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा कायम’ ही ओळ मी आता टाइपसुद्धा करत नाही, कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) तयारच ठेवलीय. शाळेचं नाव बदलायचं आणि मशीनला लावायचं. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत त्या आठवड्यात जी तोंडं हसताना दिसतात, त्यातली बरीचशी आमच्या मशीनमधून निघालेली असतात. तेव्हा शाळेच्या निकालाबद्दल मी चार शब्द लिहिले, तर ते धंद्यातल्या माणसाचे समजून वाचा.

माझ्या दोन्ही मुली साताऱ्यातल्या एका खाजगी, फक्त मुलींच्या शाळेतल्या. थोरली २०२४ ला दहावी झाली, धाकटी सातवीत आहे. धाकटी अजून तिथंच असल्यानं शाळेचं नाव लिहीत नाही. पाचवी ते दहावी, सेमी इंग्रजी, स्टेट बोर्ड. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान नाही. शिक्षकांचे पगार आपण भरतो त्या फीतून.

अभ्यासाच्या बाबतीत शाळा चांगली आहे. फक्त फ्लेक्सवर लिहितात त्या कारणासाठी नाही.

शंभर टक्क्यांचंच घ्या. २०२४ ला राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. मुलींचा ९७.२१, मुलांचा ९४.५६. आपला कोल्हापूर विभाग, ज्यात सातारा आणि सांगली येतात, त्याचा ९७.४५. आता मुलींच्याच शाळेनं, तेही पाचवीला निवडून घेतलेल्या मुलींच्या शाळेनं शंभर टक्के लावले, यात कौतुक किती करायचं? राज्यभर शंभरातल्या सत्त्याण्णव मुली तशाही पास होतायत. ३५ टक्क्यांना पास म्हणणाऱ्या परीक्षेत सगळ्या पास झाल्या, एवढाच त्या ओळीचा अर्थ. पण फ्लेक्सवर ती ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात लागते, आणि क्लार्क वर म्हणतो, ‘अजून थोडी जाड करा.’

दुसरी गंमत टक्क्यांची. दहावीला सहा विषय, ६०० गुण. पण टक्के काढतात ते सगळ्यात चांगल्या पाच विषयांवर, ५०० पैकी. त्यावर चित्रकलेचे, खेळाचे, शास्त्रीय नृत्य-गायनाचे वाढीव गुण असतात. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेला ए ग्रेड असेल तर ७ गुण मिळतात. त्या वर्षी राज्यात १८७ जणांना पुरे शंभर टक्के पडले, त्यातले १२३ एकट्या लातूर विभागातले. मुलांनी कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाही, थोरलीनंही इंटरमिजिएट दिली होती. पण हिशेब असा आहे की फ्लेक्सवर ९१ टक्केवाली हसरी मुलगी गणितात ६० वर असू शकते आणि ते कुणाला दिसत नाही. सहावा विषय गळून जातो, आणि बहुतेक घरांत तो गळणारा विषय गणित किंवा इंग्रजी असतो. पुढं सायन्सला गेल्यावर पहिल्या सहामाहीत तो बरोबर परत येतो.

या शाळेत मला पहिल्यांदा आवडलं ते इथं. निकालानंतर गेटवर फ्लेक्स लागतोच (मीच लावतो, तक्रार कशाला करू), पण आत ऑफिससमोरच्या बोर्डावर साधा ए-फोर कागद असतो. विषयवार. गणितात ८० च्या वर किती, ६० ते ८० किती, ६० च्या खाली किती. तसंच विज्ञान, तसंच इंग्रजी. नावं नाहीत, नुसते आकडे. शेजारी आदल्या वर्षीचा कागद, तोही काढलेला नाही. थोरलीच्या वर्षी इंग्रजीचा आकडा आदल्या वर्षापेक्षा पडला होता आणि तरी दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. मी अनेक शाळांच्या ऑफिसात बिलाचे पैसे मागायला बसलेलो आहे. असा कागद दुसरीकडं बघितला नाही.

आता गणिताच्या बाई. शाळेच्या अभ्यासाची खरी मेख त्यांच्यात आहे, आणि त्या सोडून गेल्या तर हा अभिप्राय निम्मा रद्द समजा. त्यांनी प्रत्येक मुलीला एक शंभर पानी वही करायला लावली आहे, ‘चुकांची वही’. त्यात बरोबर गणित उतरवायचंच नाही. चाचणीत जे चुकलं तेवढंच, चुकलेल्या स्वरूपात, आणि खाली लाल पेनानं स्वतः लिहायचं की गाडी कुठं घसरली. थोरलीची वही एकदा दुकानात राहिली होती, एक मोठं बॅनर छापून होईपर्यंत मी चाळत बसलो. ‘बाजू बदलली पण चिन्ह तसंच ठेवलं.’ ‘सूत्र बरोबर, गुणाकार चुकला.’ ‘प्रश्न अर्धाच वाचला, व्यास दिला होता, मी त्रिज्या धरली.’ पुढं सहा पानांवर परत, ‘प्रश्न अर्धाच वाचला.’ तिथं बाईंनी नुसती समासात टिंबं दिलेली, एक, दोन, तीन. रागावणं नाही की शेरा नाही. दिवाळीनंतर ती टिंबं कमी होत गेलेली दिसत होती. शिकवणी लावून महिन्याला पैसे मोजणाऱ्या कितीतरी घरांत मुलाचं नेमकं काय चुकतं हे आईबापाला ठाऊक नसतं. मला ते एका वहीत वाचायला मिळालं.

दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचा धडा आहे. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. बऱ्याच ठिकाणी तो सोपा म्हणून शेवटी उरकतात. या बाईंनी सांगितलं, घरातलं किंवा ओळखीच्या दुकानातलं खरं बिल आणा. थोरलीनं माझं फ्लेक्सचं बिल नेलं, कुणी किराणा दुकानाचं, कुणी मोबाइलचं. सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) निम्मं निम्मं का, मी फ्लेक्सचा रोल घेताना भरलेला कर विक्रीच्या करातून कसा वजा होतो, हे त्या पोरींनी माझ्या बिलावरून मांडलं. संध्याकाळी घरी येऊन मला विचारते, ‘पप्पा, शाईच्या कॅनचं इनपुट क्रेडिट घेता का?’ आमच्या सीएनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

बाकी विषयांत एवढी मजा नाही. विज्ञानाची प्रयोगशाळा उघडी असते, काचेचा ठोकळा आणि टाचण्या मुली स्वतः लावतात, हेही आजकाल पुष्कळ म्हणायचं. इतिहास-भूगोल गाइडवर चालतं. मराठीच्या बाई वाचायला लावतात, पण निबंध मात्र पाठ करूनच.

आता ज्या प्रश्नासाठी मी हे लिहायला बसलो तो. पाचवीला दोन तुकड्या भरून मुली घेतात आणि दहावीच्या ग्रुप फोटोत दीड तुकडी उरते. (हा फोटोही आमच्याकडंच लॅमिनेट होतो, म्हणून माहीत.) मधल्या मुली गेल्या कुठं? धंद्यात असल्यानं मला माहीत आहे की काही शाळा नववीला कच्च्या पोरांच्या हातात दाखला ठेवतात किंवा ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ म्हणून बाहेरून बसवतात, आणि मग शंभर टक्क्यांची परंपरा कायम राहते. मी पालकसभेत सरळ विचारलं. सभेत चुळबुळ झाली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उठल्या आणि म्हणाल्या, काहींच्या वडिलांची बदली झाली, काही सहावीला सैनिक स्कूलला गेल्या. हे खरं आहे. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं, आणि २०२१ पासून तिथं मुलींना घेतात, तेव्हापासून हुशार पोरींच्या घरी पाचवीतच त्या परीक्षेचं वारं असतं. काही फी झेपेना म्हणून रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत गेल्या. ‘आणि दोघींना जायला आम्ही सुचवलं होतं,’ बाई म्हणाल्या, ‘त्यातली एक ऐकून गेली, दुसरीच्या आईनं ऐकलं नाही. ती मुलगी यंदा आपल्याकडंच बसतेय.’

एवढं उघड बोललेलं मला अपेक्षित नव्हतं. ती दुसरी मुलगी ५८ टक्क्यांनी पास झाली. गेटवरच्या फ्लेक्सवर तिचा फोटो नव्हता, कारण आमच्याकडं यादी येते ती ८५ च्या वरची. मला विचाराल तर त्या वर्षीचा शाळेचा सगळ्यात मोठा निकाल तो होता. पण पहिलीला ‘सुचवलं’ हेही मी विसरलेलो नाही, आणि तुम्हीही प्रवेश घेताना विचारा: पाचवीला किती, दहावीला किती, बाकीच्या कुठं?

तक्रार नंबर एक. पाचवीच्या प्रवेशाला ‘गप्पा’ नावाचा प्रकार आहे. मुलीला आत घेऊन वाचायला देतात, दोन बेरजा घालतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाळणी लावता येत नाही. त्याला गप्पा म्हटलं म्हणून परीक्षा गप्पा होत नाही. मोठ्या बाईंना हेही विचारलं, तेव्हा मात्र उत्तर लांबलं.

तक्रार नंबर दोन, एसटीची. शाळेत कोरेगावकडच्या, लिंबकडच्या, मेढ्याकडच्या मुली येतात. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, त्यामुळं प्रवासाचा खर्च नाही. पण दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर असतात आणि गावची गाडी त्या तासासाठी थांबत नाही. म्हणजे जादा तास मिळतो कुणाला? जिला शाहूपुरी नाहीतर गोडोलीला चालत घरी जायचंय तिला. गावाकडच्या पोरी स्टँडवर पुस्तक उघडून बसतात. पालकांनी तास सकाळी घ्या म्हणून अर्ज दिला, तो ‘विचाराधीन’ आहे. विषयवार कागद लावणाऱ्या शाळेनं एकदा गावाकडच्या मुलींचे आकडे आणि शहरातल्या मुलींचे आकडे वेगळे काढून बघावेत, मग अर्ज लवकर मंजूर होईल.

पैशाचं थोडक्यात. फी साताऱ्याच्या मानानं जास्त आहे पण अचानक वाढत नाही. फी नियंत्रण कायद्यानुसार पालकांची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं राहते. इथं चिठ्ठ्या खरंच सगळ्यांसमोर टाकतात. एक गोष्ट मात्र प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. आठवीला एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण ती फक्त सरकारी, अनुदानित आणि पालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेतली मुलगी कितीही हुशार असो, तिला बसताच येत नाही. तेव्हा उत्पन्न बेताचं आणि मुलगी चमकदार असेल, तर चार वर्षांचे ४८,००० रुपये फीच्या हिशेबात धरून मग ठरवा. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा मात्र देता येते, ३०० गुणांची; आधी ती आठवीला असायची, आता सातवीला केली आहे. तिची तयारी शाळा बरी करून घेते.

मैदान नाही. खोखो शेजारच्या संस्थेच्या मैदानावर, तेही त्यांना नको असेल तेव्हा. स्वच्छतागृहात पाणी असतं, दाराला कड्या आहेत, पॅडचं मशीन चालू असतं. हे अभ्यासाच्या अभिप्रायात कशाला, असं वाटेल त्यांनी घरात मुलीला विचारावं की त्या चार दिवसांत ती शाळा का बुडवते.

थोरलीला ७८ टक्के पडले, गणितात ७४. फ्लेक्सवर ती नव्हती. अकरावी सायन्सला शिकवणी न लावता गणितात टिकली, चुकांची वही तिनं तिथंही चालू ठेवली. धाकटीला मी त्याच शाळेत ठेवणार आहे, निदान गणिताच्या त्या बाई आहेत तोवर.

पाचवीच्या प्रवेशाला जाणार असाल तर दाखला, आधार आणि फोटो घेऊन जा, आणि चौकशी मोठ्या बाईंकडं करा. खिडकीवर करू नका. खिडकीवरचे क्लार्क सज्जन आहेत, पण त्यांना फक्त फीचा आकडा आणि ‘शंभर टक्के’ एवढंच सांगायची परवानगी आहे.