‘पूर्ण दुरुस्त’ म्हणून गळ्यात मारलेला भट्टीचा जुना ब्लोअर

लोहाराच्या भट्टीला हवा देणारा, हाताने फिरवायचा जुना ब्लोअर घेताना ‘पूर्ण खोलून, धुऊन, नवीन छर्रे (बेअरिंगच्या पोलादी गोळ्या) टाकून दुरुस्त केलेला’ या शब्दांवर विसंबू नका. इथे ज्या ब्लोअरबद्दल लिहितो आहोत तो याच शब्दांत विकला गेला. यंत्र अस्सल होतं: पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या चॅम्पियन ब्लोअर अँड फोर्ज कंपनीचं, ४०० नंबरचं. विकणाऱ्याने हँडल फिरवतानाचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात खडखड नाही, काळा रंग चकचकीत, बिडावरची (ओतीव लोखंडावरची) उठावाची अक्षरं सोनेरी रंगवलेली. खोलल्यावर दिसलं की आतलं एकही काम धड झालेलं नव्हतं, आणि बाहेरच्या सजावटीपायी आतलं जे शाबूत होतं तेही बिघडलं होतं.

फसवणूक कुठे लपते ते कळायला आतली रचना माहीत हवी. हँडलच्या शाफ्टवर मोठा सरळ दात्यांचा गिअर असतो. तो मधल्या शाफ्टवरच्या लहान गिअरला फिरवतो. मधल्या शाफ्टवरच ब्राँझचं मोठं तिरप्या दात्यांचं चक्र बसवलेलं असतं आणि ते पंख्याच्या शाफ्टवरच्या पोलादी वर्मला, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरला, फिरवतं. हँडलच्या एका फेऱ्यात पंखा चाळीसच्या आसपास किंवा जास्त फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे मारले की पंखा १,८०० च्या घरात जातो. या वेगाला पंख्याचा शाफ्ट सायकलच्या चाकासारख्या कप-कोनमध्ये, म्हणजे वाटीसारखा कप आणि निमुळता कोन यांच्यामधल्या सुट्या छर्ऱ्यांवर फिरतो. सगळं वंगण गिअरपेटीच्या तळातल्या तेलाचं. गिअर ते तेल उडवतात आणि तेच उडून छर्ऱ्यांपर्यंत पोचतं.

आता या पेटीत तेलाऐवजी काय निघालं, तर झाकणापर्यंत ठासलेलं घट्ट ग्रीस, आणि त्यात लाकडाचा भुसा. झिजलेल्या गिअरचा आवाज दाबायची ही जुनी लबाडी आहे. दाते एकमेकांवर आदळतात तो ठोका ग्रीस-भुश्याच्या गादीत विरून जातो. व्हिडिओतली शांतता म्हणजे हीच. ग्रीसचं दुसरं पाप असं की गिअर एकदा फिरला की ते बाजूला सरकतं आणि परत येत नाही. दात्यांभोवती पोकळ चर पडतो, दाते कोरडे पळतात आणि छर्ऱ्यांपर्यंत थेंबही जात नाही.

हे पेटी न उघडता ओळखता आलं असतं. हँडल मध्यम वेगानं फिरवून हात सोडा. निरोगी ब्लोअरमध्ये पंख्याच्या गतीनं हँडल आपोआप काही फेरे घेत राहतं आणि हळूहळू थांबतं. ग्रीस भरलेला ब्लोअर हात सोडताच थांबतो. या व्हिडिओत हात हँडलवरून एकदाही सुटत नव्हता. विचारल्यावर ‘नवीन छर्रे आहेत, वापरून मोकळा होईल’ असं उत्तर आलं होतं. कप-कोनचं बेअरिंग बरोबर लावलं तर पहिल्या दिवसापासून मोकळं फिरतं. ‘वापरून मोकळा होईल’ हे वाक्य ऐकलं की सौदा तिथेच थांबवा.

दुसरी परीक्षा खेळाची, म्हणजे दात्यांमधल्या ढिलाईची. एका हातानं पंखा घट्ट धरा आणि हँडल अगदी सावकाश मागेपुढे करा. हँडल दहा इंची असेल तर टोकाशी साडेचार मिलिमीटर म्हणजे एक अंश. ग्रीस ठोका लपवतं, अंतर लपवू शकत नाही. इथे टोक तेरा-चौदा मिलिमीटर हललं. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात, पण चाळीसपट केले की पंख्याजवळ एक तृतीयांश फेरा होतो. हँडल धरून पंखा हलवला तर म्हणूनच चांगल्या ब्लोअरमध्येही बराच खेळ दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. मोजायचं ते हँडलपाशी, पंखा धरून.

ग्रीस काढायला आधी लाकडी पट्टीनं जमेल तेवढं खरवडलं, मग पेटी अर्धी भरेल इतकं रॉकेल ओतून हँडल हळू फिरवलं आणि रिकामं केलं. असं चार वेळा. रॉकेलवर जोरात फिरवू नये, त्याचा थर दात्यांना वाचवत नाही. पहिल्या धुण्याचा गाळ पांढऱ्या कागदावर वाळवून त्याखालून लोहचुंबक फिरवला. चुंबकामागे सरकला तो लोखंडाचा चुरा. न सरकलेल्यात सोनेरी चमक म्हणजे ब्राँझ, आणि तिच्याबरोबर भरपूर खरखरीत रेती. म्हणजे रंगाच्या आधी वाळूचा मारा झाला होता, तोही यंत्र न खोलता, तेलाचं भोक उघडं ठेवून. ब्राँझचं चक्र इतक्या वर्षांत झिजलं नसेल तेवढं या रेतीनं थोड्या दिवसांत झिजवलं असणार. राग येतो तो याचाच. ग्रीस धुऊन निघतं, दाते परत येत नाहीत.

‘नवीन छर्रे’ खरोखर नवीन होते, पण दोन मापांचे. एका कपात पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे चार, आणि बाकी सगळे ६ मिलिमीटरचे. खोलताना जुने छर्रे सांडले असतील आणि हाताला लागले ते भरले असतील. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. पण भार फक्त चार मोठ्यांवर येतो, लहान नुसते घरंगळतात, आणि शाफ्ट एका बाजूला कलून वर्म तिरपा चालतो. कोनवर खड्ड्यांची रांग उमटली होती. लेथवर नवा कोन करून, कडक करून बसवावा लागला.

छर्रे बदलताना खाली कडा असलेलं ताट ठेवा, नाहीतर शाफ्ट सरकताच ते तळातल्या गाळात जातात. प्रत्येक कपातले वेगळे मोजा, प्रत्येकाचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजा. टाकताना एकाच पाकिटातले टाका, जुने-नवे मिसळू नका. कप पूर्ण भरला की एक कमी करा, म्हणजे ते एकमेकांना घासत नाहीत. बसवताना छर्रे जागेवर राहावेत एवढ्यापुरता ग्रीसचा बोटभर लेप चालतो, तेवढाच. कोन खेळ संपेपर्यंत आवळा, साधारण एक अष्टमांश फेरा मागे घ्या, चेकनट (कोन जागेवर धरून ठेवणारा नट) लावा आणि पुन्हा तपासा, कारण चेकनट आवळताना कोन हमखास सरकतो.

पंख्याच्या घरावर, पाय बसवायच्या कानाजवळ (बोल्टसाठी बाहेर काढलेल्या भागाजवळ), रंगाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली वेल्डिंग. बिडाला साध्या रॉडनं वेल्ड केलं की जोडाला लागून कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि गार होताना नवी चीर त्याच्याच कडेनं जाते. इथेही तशीच गेली होती, अंगठ्याएवढी लांब. विकत घेण्यापूर्वी हे पकडायला लहानसा चुंबक पुरतो. बिडावर तो सगळीकडे सारखा चिकटतो, जाड पुट्टीवर त्याची पकड ढिली पडते. कान, पाय, नळीचं तोंड आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा, एवढ्या जागा फिरवून बघा. दुरुस्तीसाठी जुनं वेल्डिंग घासून काढलं, चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, इंग्रजी व्ही आकाराची खाच केली, भाग सगळा एकसारखा तापवून पितळी ब्रेझिंग (पितळ वितळवून केलेली जोडणी) केलं आणि रात्रभर राखेत गार होऊ दिला. उघड्या हवेत गार केला असता तर ही मेहनतही चिरेत गेली असती.

पंखा बसवायचा स्क्रू मूळचा नव्हता, तेही खपवून घेता आलं असतं. पण पंख्याच्या एका पात्याचा रिव्हेटही गायब होता. तो बसवल्यावर शाफ्ट दोन समपातळीतल्या पट्ट्यांवर ठेवून पंख्याची जड बाजू खाली येते का ते पाहिलं. १,८०० फेऱ्यांवर थोडंसं वजन इकडेतिकडे असलं तरी सगळा स्टँड थरथरतो.

एका गोष्टीत विकणाऱ्याला उगाच दोष देऊ नये, ती म्हणजे तेलाची गळती. या ब्लोअरना सील नसतात. शाफ्टच्या कडेनं तेल ठिबकणारच, ते ठिबकून जावं आणि वरून नवं घालावं अशीच रचना आहे. उलट शाफ्टखाली कोरडा ठाक, चकचकीत रंग दिसला तर आत तेल नाही असं समजा. तेल एसएई ३० (हा तेलाच्या दाटपणाचा क्रमांक), डिटर्जंट नसलेलं. डिटर्जंटवालं तेल घाण तरंगत ठेवतं, आणि इथे ती गाळायला फिल्टर नाही. घाण तळाशी बसलेलीच बरी. सर्वांत खालचे दाते बुडतील एवढंच भरा, जास्तीचं जमिनीवर जातं. भट्टी पेटवण्याआधी शाफ्टच्या दोन्ही टोकांना चार-चार थेंब घाला.

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी मागा: हात सोडल्यावर हँडल थांबेपर्यंतचा अखंड व्हिडिओ, झाकण काढून ब्राँझच्या चक्राचा जवळून फोटो, रंगापूर्वीच्या बिडाचा फोटो, आणि आत कोणतं वंगण किती घातलं ते लेखी. ज्यानं खरंच खोलून काम केलं आहे त्याच्याकडे हे फोटो असतातच, कारण जोडणी परत बसवताना त्यालाच ते लागतात. चक्राच्या फोटोत दात्यांचे माथे सपाट दिसायला हवेत. सुरीच्या धारेसारखे निमुळते झाले असतील तर ते यंत्र सुट्या भागांच्या भावातच घ्या.

या ब्लोअरच्या चक्राची झीज दात्यांच्या एकाच बाजूला होती, कारण इतकी वर्षं तो एकाच दिशेनं फिरला होता. पाती सरळ असल्यामुळे उलट फिरवलं तरी हवा नळीतूनच जाते, फक्त कमी. म्हणून आता हँडल उलट दिशेनं फिरवायचं ठरवलं, म्हणजे भार दात्यांच्या न झिजलेल्या बाजूवर येतो. वर्मचा रेटा आता समोरच्या कोनवर जातो, तेव्हा तो कोनही त्याच वेळी नवा केला. हँडल आट्यांवर बसणारं असतं तर उलट फिरवताना सुटलं असतं, पण इथे ते स्क्रूनं आवळलेलं आहे. लहान कामांना एवढी हवा पुरते, जाड सळीच्या तापाला नाही.