यहूदा आणि पेत्र: दोन पस्तावे

एकाच रात्री येशूचे दोन शिष्य चुकले. यहूदा इस्कार्योतने चांदीच्या 30 नाण्यांसाठी गुरूला धरून दिले. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी 3 वेळा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटले. गुन्हा कुणाचा मोठा, या वादात मला फारसा रस नाही.

पस्तावा दोघांनाही झाला. उलट कागदोपत्री यहूदाचीच बाजू भक्कम दिसते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27व्या अध्यायात तो चूक कबूल करतो, येशूला निर्दोष म्हणतो, पैसेही परत करतो. पेत्र मात्र नुसता बाहेर जाऊन रडतो. पण यहूदा कबुली द्यायला गेला तो मुख्य याजकांकडे, म्हणजे ज्यांच्या हाती त्याने येशूला दिले त्या यहुदी धर्मपुढाऱ्यांकडे. त्यांनी हात झटकले: आम्हाला त्याचे काय, तुझे तू बघ! मग त्याने स्वतःच स्वतःचा निवाडा केला आणि गळफास घेतला. मत्तयाने इथे वापरलेला ग्रीक शब्द 'मेटामेलोमाय', म्हणजे मनाला लागलेली टोचणी. मन पालटून देवाकडे वळणे, ज्याला 'मेटानोइया' म्हणतात, तो शब्द वेगळा.

पेत्र रडला, पण इतर शिष्यांपासून तुटला नाही. पुढे सरोवराकाठी, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात, येशूने त्याला 'माझ्यावर प्रीती करतोस का?' असे 3 वेळा विचारले. नाकारणेही 3 वेळाच होते. तिसऱ्यांदा पेत्र दुखावला. क्षमा कधी कधी जखमेवरची खपली काढते. प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे, म्हणजे येशूचे अनुयायी, सांभाळायचे काम मात्र त्याच्याकडेच आले.